हात थरथरतो म्हणजे माणूस प्यायलेला नसतो



आरोग्याच्या पानावर लिहिताना सल्ला आधी द्यायचा असतो. मी आधी माझी चूक सांगतो.

माझे वडील गांधीबागच्या ठोक कापड बाजारात हमाल होते. उभं आयुष्य त्यांनी कापडाच्या गाठी पाठीवर वाहिल्या, ठेले ओढले. वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचा उजवा हात बसल्या जागी हलायला लागला. काम करताना हलत नसे, मांडीवर ठेवला की हलायचा. पाय जमिनीला घासत चालायचे. एका संध्याकाळी चौकातून येताना ते नालीच्या काठावर पडले. शेजारच्या पोरांनी उचलून घरी आणलं. त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, बुढ्यानं आज जास्तच घेतली वाटते."

वडिलांनी दारू सोडून वीस वर्षं झाली होती. तरी मी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला. वास नव्हता. ते एवढंच बोलले, "म्या नाही पेली रे बाबू." चेहऱ्यावर ना राग, ना दुःख. चेहरा अगदी कोरा. मला वाटलं, काहीतरी लपवताहेत. चेहरा असा कोरा पडणं हेही त्याच आजाराचं लक्षण आहे, हे मला तीन वर्षांनी कळलं. तोवर त्यांनी वस्तीत निघणं बंद केलं होतं.

आजाराचं नाव पार्किन्सन. आज वडील ७५ वर्षांचे आहेत. गेली काही वर्षं हा आजार आमच्या घरात राहतो आहे आणि त्याच्याबरोबर राहायला आम्ही हळूहळू शिकलो. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. या आजारावर गोळी आहे, ती मिळते आणि फार महागही नाही. आपल्या वस्त्यांमध्ये कमी पडतं ते वेळेवर ओळखणं, गोळीची वेळ पाळणं आणि सेवेचं ओझं वाटून घेणं. ही तिन्ही कामं आपल्या हातातली आहेत.

आजार काय आहे

१८१७ साली लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजारावर पहिल्यांदा सविस्तर पुस्तिका लिहिली. त्यांच्याच नावाने आजार ओळखला जातो आणि ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. पण या नावामुळे एक घोटाळा होतो. लोकांना वाटतं, कंप असेल तरच हा आजार. कित्येक रोग्यांचा हात कधीच थरथरत नाही, तरी आजार असतो.

मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हात उचलायचा, पाय पुढे टाकायचा, वळायचं, अशा हालचाली सहज व्हाव्यात म्हणून हे रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणं डोळ्यांना दिसू लागतात तोवर त्यांचा मोठा भाग गेलेला असतो. मग शरीर सुस्तावतं, स्नायू ताठरतात, पावलं लहान पडतात, तोल जातो. अंगात ताकद असते, पण हुकूम वेळेवर पोहोचत नाही.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. तो कोणाच्या करणीचा नाही आणि मागच्या जन्माच्या पापाचाही नाही. गंडेदोरे सोडून आपल्याला सत्तर वर्षं होत आली. तरी आजार मोठा झाला की घरातलं कोणीतरी गुपचूप उताऱ्याची गोष्ट काढतंच. तिथे पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

तरुणांनाही हा आजार होतो, पण बहुतेक रोगी साठीच्या पुढचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना पार्किन्सन होता आणि त्याआधीच्या २५ वर्षांत हे प्रमाण दुप्पट झालं. माणसं जास्त जगू लागली, हे त्यामागचं एक कारण आहे.

आता हा हिशेब आपल्या घराला लावून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे पोर बापाच्या खांद्यावर बसून गेलं होतं, ते आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहे. माझे वडील त्यातलेच. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. आपल्या समाजात इतकी माणसं या वयापर्यंत पोहोचण्याची ही नवीनच वेळ आहे. त्यांच्या आधीची पिढी गिरणीत, बिडीत, हमालीत लवकर झिजून गेली. म्हणून हे म्हातारपणाचे आजार आपल्या वस्तीला ओळखीचे नाहीत.

शेतावर फवारणी केलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही कीटकनाशकं आणि तणनाशकं, विशेषतः पॅराक्वाट, यांच्याशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्यांमध्ये पार्किन्सनचा धोका वाढलेला अभ्यासांत दिसला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. तो तत्काळ बसलेला फटका होता. शरीरात हळूहळू होणारं नुकसान बातमीत येत नाही. आपले कितीतरी नातेवाईक अजून गावात मजुरीने फवारणी करतात. तोंडाला फडकं बांधून हे विष अडत नाही, हे त्यांना सांगा.

हात थरथरण्याआधी

शरीर आधीपासून इशारे देत असतं. घरच्यांनी बघायच्या गोष्टी अशा:

वास येईनासा होतो. फोडणी करपली तरी कळत नाही. बद्धकोष्ठ जुनं होतं. माणूस झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो, शेजारी झोपलेल्याला मारतो. ही लक्षणं आजार दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. एकेकट्या लक्षणाने घाबरू नका, ती दुसऱ्या कारणांनीही होतात. दोन-तीन एकत्र दिसली तर लक्ष ठेवा.

नंतर हालचालीतला फरक दिसतो. चालताना एक हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. सही बारीक होत जाते आणि बँकेतला माणूस म्हणतो, सही जुळत नाही. आवाज खोल जातो. पलंगावर कूस बदलता येत नाही. बहुतेकदा हे शरीराच्या एका बाजूला सुरू होतं.

कामाचे हात सगळ्यात आधी सांगतात. बिडी वळणाऱ्या बाईचा रोजचा आकडा उगाच घसरू लागला, शिवणकाम करणाऱ्याला सुईत दोरा ओवता येईना, पोळी लाटताना एकच हात चालू लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. वयाने माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच सुस्तावतो. एकच बाजू मागे पडत असेल तर डॉक्टरला दाखवा.

प्रत्येक थरथर पार्किन्सनची नसते. चहाचा कप उचलताना, लिहिताना हात थरथरतो आणि मांडीवर ठेवला की थांबतो, तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा कंप असतो. पार्किन्सनचा कंप हात निवांत असताना जास्त दिसतो. नक्की काय ते डॉक्टर ठरवेल.

दारू, घमंड, नाटक

या तीन शब्दांनी आमच्या घरातली तीन वर्षं खाल्ली.

पाय लटपटतात, जीभ जड होते, म्हणून लोक दारू म्हणतात. चेहरा हलत नाही, हसू येत नाही, म्हणून सून म्हणते, मामंजी माझ्यावर रागावून बसले आहेत, फार घमंड आहे. सकाळी चालत संडासला जाणारा माणूस दुपारी उठूच शकत नाही, म्हणून पोरगा म्हणतो, नाटक करतात. खरं म्हणजे गोळीचा असर असेतोवर शरीर चालतं आणि तो उतरला की तेच शरीर अडकतं. रोगी एकाच दिवसात दोन-तीन वेळा असा बदलतो. हे ज्या घराला माहीत नसतं, तिथे म्हाताऱ्याला रोज शिव्या मिळतात.

उदासीही या आजाराचाच भाग आहे. मेंदूतल्या बदलामुळे ती येते आणि अपमानाने वाढते. बोलणं कमी झालं, जेवण सुटलं, "मी कशाला जगतो" असं वारंवार म्हणू लागले, तर तेही डॉक्टरला सांगा. त्यावरही उपचार आहेत.

मुहम्मद अली आपल्या लोकांना ठाऊक आहे. काळ्या माणसाच्या मानासाठी उभा राहिलेला मुष्टियोद्धा. १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेण्यात आला होता. १९८४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच अलीने थरथरत्या हातात मशाल धरून सगळ्या जगासमोर ज्योत पेटवली. त्याने हात लपवला नाही. आमच्या घरी आम्ही मात्र पाहुणे आले की वडिलांना आतल्या खोलीत बसवत होतो. याची मला आजही लाज वाटते.

तपासणी करताना

पार्किन्सन पक्का सांगणारी कोणती साधी रक्ततपासणी दवाखान्यात होत नाही. डॉक्टर रोग्याला चालवून, बोटं वाजवायला लावून, हात वाकवून बघतात आणि त्यावरून निदान करतात. एमआरआय लागलाच तर दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. म्हणून कर्ज काढून आधी स्कॅन आणि मग डॉक्टर, असं उलटं करू नका.

गांधीबाग परिसरातल्या, भानखेडा-टिमकीच्या लोकांना मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सगळ्यात जवळ आहे. तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत दाखवून सुरुवात करा. मेंदूविकारतज्ज्ञाची गरज असली तर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. जाताना मोबाइलवर रोग्याच्या चालण्याचा, हाताचा आणि झोपेतल्या ओरडण्याचा छोटा व्हिडिओ घेऊन जा. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरकडे वेळ थोडा असतो. तो व्हिडिओ तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. काही औषधांमुळेच पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवरचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडॉन यांसारखी औषधं ही त्यातली काही. माझ्या वडिलांना तोल जातो म्हणून एका खासगी दवाखान्यातून चक्करेची गोळी मिळाली. ती आम्ही दीड वर्ष मेडिकल दुकानातून पुन्हा पुन्हा आणून दिली आणि ते आणखी अडकत गेले. पार्किन्सनच्या रोग्याला ही औषधं जास्तच बाधतात. आणि पार्किन्सन नसलेल्या माणसालाही यांनी लक्षणं आली असतील, तर औषध थांबल्यावर ती बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. पण यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरला पाकीट दाखवा आणि विचारा.

गोळी आणि घड्याळ

पार्किन्सनचं मुख्य औषध लेव्होडोपा. ते कार्बिडोपाबरोबर एकाच गोळीत येतं. १९६० च्या दशकापासून ते वापरात आलं आणि आजही त्याच्याइतका गुण देणारं दुसरं औषध नाही. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. जनऔषधी केंद्रात कमी किमतीत मिळतं का, ते विचारून पाहा. ही गोळी आजार मुळासकट काढत नाही, पेशी परत आणत नाही. पण माणूस स्वतः जेवू शकतो, चालू शकतो, सही करू शकतो. हे थोडं नाही.

या गोळीचे नियम पाळले नाहीत तर ती अर्धीच काम करते.

पहिला नियम वेळेचा. आठ वाजता म्हणजे आठ वाजता. आमच्याकडे मोबाइलवर गजर लावलेला आहे. तो वाजला की सातवीतली नात पाणी घेऊन जाते.

दुसरा नियम जेवणाचा. डाळ, अंडी, मटण, दूध यांतली प्रथिनं या गोळीच्या आड येतात. म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक-दीड तासाने गोळी द्यावी. याचा अर्थ वरण बंद करायचं असा नाही. म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं लागतातच. फक्त गोळी आणि वरण एकत्र नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर काय करायचं, ते डॉक्टरला विचारा.

तिसरा नियम सगळ्यात मोठा. गोळी अचानक बंद करायची नाही. २०२० च्या टाळेबंदीत वडिलांच्या गोळ्या संपल्या. मी म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतं? तिसऱ्या दिवशी ते लाकडासारखे ताठ झाले, ताप चढला, पाणी गिळता येईना. हे जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून आमच्या घरी पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असल्याशिवाय डबा बंद होत नाही. रोग्याला दुसऱ्या कोणत्या आजारासाठी भरती केलं, तरी तिथल्या नर्सताईंना गोळीच्या वेळा लिहून द्या.

काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, कधी अंग आपोआप वळवळतं, कधी नसलेली माणसं दिसतात, उठून उभं राहताच चक्कर येते. तेव्हा गोळी वाढवणं किंवा कमी करणं हे डॉक्टरचं काम आहे. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो, हे खरं आहे. पण पुडीत तो किती, हे कोणी मोजून देत नाही. चालू गोळीवर ती पुडी दिली तर डोस दुप्पट होऊ शकतो. "मुळापासून बरा करतो" अशी जाहिरात करणाऱ्यांना तर पैसे देऊच नका. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया असते. ती खर्चाची आहे आणि काही निवडक रोग्यांनाच उपयोगी पडते.

गोळीइतकाच व्यायाम लागतो. रोज चालणं, हातपाय ताणणं, मोठ्याने बोलणं. पाय जमिनीला चिकटले की रोग्याला ओढू नका, तो पडेल. थांबू द्या. जमिनीवर पट्टी किंवा खडूची रेघ दाखवा आणि तिच्यावरून पाय टाकायला सांगा, किंवा "एक-दोन, एक-दोन" म्हणा. ताल मिळाला की पाऊल सुटतं. माझे वडील उंबरठ्याशी अडकतात. तिथे आम्ही पिवळी पट्टी चिकटवली आहे आणि मोबाइलवर भीमगीत लावतो. ढोलकी सुरू झाली की ते उंबरठा ओलांडतात.

घरातल्या छोट्या सोयी फार कामाच्या आहेत. संडासात धरायला दांडी, उकिडवं बसता येत नसेल तर भोक असलेली खुर्ची, रात्री एक दिवा चालू, बटणांऐवजी इलास्टिक, घसरणाऱ्या सपाता बंद. जेवताना सरळ बसवा, घाई करू नका. घास किंवा पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. शेवटच्या टप्प्यात या आजाराचे रोगी बरेचदा पडण्यामुळे किंवा न्यूमोनियामुळे दगावतात आणि या दोन्हींपासून बरीच काळजी घेता येते.

सेवा कोणी करायची

आता जरा कडू बोलतो.

माझी बायको चार घरी स्वयंपाकाला जायची. वडील पडू लागले तसं तिने एक-एक घर सोडलं. हे कोणी ठरवलं नव्हतं. सून आहे म्हणजे ती करेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, त्यात मीही होतो. अंघोळ तिने घालायची, संडास तिने काढायचा, रात्री तिनेच उठायचं. मी फक्त गोळ्या आणत होतो आणि त्यालाच सेवा समजत होतो. शेवटी तिची कंबर धरली आणि घरात दोन रोगी झाले. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला बापाला कुशीवर वळवतासुद्धा येत नव्हतं.

विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी डोक्याकडून आणि पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवलं. मग संघाला समजावलं, की रोग्याची सेवा हीच माझी सेवा. या गोष्टीत सून कुठेच नाही. तिथे दोन पुरुष आहेत आणि त्यातले एक स्वतः बुद्ध आहेत. समतेवर भाषण करणाऱ्या प्रत्येक पुरुषाने ही गोष्ट आपल्या घरच्या मोरीत उतरवावी. आज आमच्याकडे अंघोळ माझ्याकडे आहे, रात्र धाकट्या भावाकडे आहे, गजर नातीकडे आहे. बायकोने दोन घरचं काम पुन्हा धरलं आहे. वडिलांनाही मुलाच्या हातून अंघोळ करायला संकोच कमी वाटतो, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

विहारात एक तास

एका घराने किती करावं, यालाही सीमा आहे. इथून पुढे वस्तीचं काम सुरू होतं.

मुंबईत पारशी समाजाच्या वसाहतींत घरोघर जाऊन पार्किन्सनची पाहणी झाली होती, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० लोकांत ४६ रोगी सापडले. एकत्र राहणारा समाज, त्यामुळे मोजणी झाली आणि गरज दिसली. आपणही एकत्रच राहतो. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, शिकलेली पोरं आहेत. एका रविवारी दोन-दोन जणांनी साठीच्या पुढचे सगळे लोक पाहून यावेत. तीन गोष्टी विचाराव्यात: एक बाजू सुस्तावली का, पाय घासतात का, गेल्या वर्षात किती वेळा पडलात? ज्यांचं उत्तर चिंतेचं असेल त्यांना एकत्र घेऊन मेयोत जावं.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. रोगी आणि त्यांना सांभाळणारे एकत्र जमतात, व्यायाम करतात, एकमेकांना अडचणी सांगतात. आपल्याला त्यासाठी हॉल भाड्याने घ्यायची गरज नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास पुरे. मोठ्या आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणणं हा खोल गेलेल्या आवाजाचा चांगला सराव आहे. भीमगीताच्या तालावर पावलं टाकणं हा चालण्याचा सराव आहे. तेवढा वेळ घरच्या सुनेला, मुलीला मोकळा मिळेल. वस्तीतला कोणी फिजिओथेरपी शिकत असेल तर महिन्यातून एकदा त्याला बोलवा.

हक्क मागायला शिका

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि पार्किन्सन त्यात नावानिशी आहे. हे आपल्या फार थोड्या घरांना माहीत आहे. तपासणीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं आणि त्यावर सवलतींसाठी, संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. तपासणीला जाताना रोग्याचे जुने कागद न्या आणि गोळी उतरल्यावर त्याची काय अवस्था होते, हे बोर्डाला स्पष्ट सांगा.

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. मात्र हे भरती झाल्यावरचं आहे. रोजची गोळी त्यातून मिळत नाही, आणि या आजारात खरा खर्च रोजच्या गोळीचाच आहे, तोही मरेपर्यंतचा. म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. लेव्होडोपाची गोळी सरकारी रुग्णालयात आणि मनपाच्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळावी. झोनमध्ये फिजिओथेरपिस्ट असावा. अपंगत्वाच्या तपासणीसाठी अडकलेल्या म्हाताऱ्यांना फेऱ्या मारायला लावू नयेत. नगरसेवक मत मागायला वस्तीत येतो तेव्हा नालीबरोबर हाही प्रश्न त्याच्यासमोर ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

गेल्या अशोक विजयादशमीला वडिलांनी हट्ट धरला, दीक्षाभूमीवर जायचं. मी नको म्हणत होतो, गर्दीत पाय अडकले तर काय? शेवटी पहाटेची गोळी दिली, भाऊ एका बाजूने, मी एका बाजूने, आणि ऑटोने निघालो. स्तूपासमोर ते बराच वेळ थांबले. मग खोल आवाजात म्हणाले, "बाबासाहेब बी काठी धरूनच उभे होते रे." सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यात तेवढं राहिलं होतं.

मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता, ते त्यांना आठवत असेल का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल, पाय घासत असेल, तर वास घेऊ नका. त्यांचा हात धरून दवाखान्यात न्या.

जयभीम.